उकिरड्यातली निळी बाटली: वय कसं ठरवायचं?

राखेतला_माणूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

रोज फिरायला जातो त्या वाटेवर एक टेकाड आहे. गेल्या पावसात त्याची एक कड ओघळली आणि आत राखेचा करडा पट्टा उघडा पडला. त्यात खापऱ्या, काचा, गंजलेली झाकणं. म्हणजे कुणाच्या तरी पणज्यांचा उकिरडाच. जागेच्या मालकांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "न्या हो, तेवढंच ओझं कमी."

तिथे एक बाटली मिळाली. वीतभरही उंच नाही, गडद निळी, सहा पैलूंची. काही पैलूंवर उभ्या उठावाच्या रेघा, बाकीचे गुळगुळीत. एका बाजूला इंग्रजी अक्षरं आहेत, त्यातलं 'नॉट टू बी' एवढं लागतं, पुढे माती बसली आहे. बूच घट्ट आहे आणि आत काहीतरी पातळ हलतं. तिच्या शेजारी जाड काचेच्या बरणीचा तुकडा होता, त्यावर चक्क तारीख: ३० नोव्हेंबर १८५८!

म्हणजे बाटलीही १८५८ ची धरायची ना? आज रात्री बूच काढून बादलीत भिजत घालणार आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो चढत नाहीयेत, वर्णनावर भागवा.

---

पहाटेचा_टॉर्च

बादली ठेवा बाजूला. बुचाला हात लावू नका.

पुढचा शब्द 'टेकन' असणार. 'नॉट टू बी टेकन', म्हणजे पोटात घेऊ नये. विषाची बाटली आहे तुमच्याकडे. त्या रेघा शोभेच्या नाहीत. रात्री दिव्याशिवाय कुणी औषध शोधायला कपाटात हात घातला, तर बोटांना लगेच कळावं म्हणून त्या काढायचे. निळा रंग दिवसासाठी, रेघा रात्रीसाठी. आत काय उरलंय ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. हुंगून बघू नका, बेसिनमध्ये ओतू तर अजिबात नका.

---

शंकासुर

पहिल्याच धाग्यात धागाकर्ता गमावला असता की आपण. :)

---

काचपात्र

टॉर्चकाकांशी शंभर टक्के सहमत. आता तारखेचं बघू, कारण त्या १८५८ नं भल्याभल्यांना फसवलंय.

जॉन मेसन नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या अमेरिकन माणसाने त्या दिवशी आट्यांच्या तोंडाच्या बरणीचं पेटंट घेतलं. पेटंट संपलं तरी ती तारीख काही बरणीवरून उतरेना. वेगवेगळे कारखाने पुढची कित्येक दशकं, थेट विसाव्या शतकापर्यंत, तीच ओळ साच्यात कोरत राहिले. म्हणजे तुमचा तुकडा १८५८ नंतरचा आहे एवढंच कळलं. किती नंतरचा, ते बाकी आहे.

बाटलीचं वय तिच्या अंगावर वाचायचं. दोन अर्ध्या साच्यांच्या मधली शिवण शोधा, बारीक उभी रेघ असते. ती नखाने खालून वर चाचपत जा. मानेवर, ओठाच्या खाली कुठेतरी पुसट होऊन संपली, तर ओठ हाताने, अवजाराने घडवलेला. शिवण ओठावरून थेट वरच्या कडेपर्यंत गेली, तर बहुधा यंत्राची बाटली. मायकेल ओवेन्सच्या बाटल्या करणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०४ चं, त्यानंतर हळूहळू हातकाम मागे पडलं. ओवेन्स यंत्राची आणखी एक खूण म्हणजे बुडाला जरा एका बाजूला सरकलेला, वेडावाकडा गोल वण. काच शोषून घेऊन कापल्याचा तो डाग असतो.

शिवण अजिबातच नसेल तर हुरळून जाऊ नका. ओल्या साच्यात बाटली गरगर फिरवली की शिवण पुसली जाते आणि अंगावर पुसट आडव्या वलयरेषा राहतात. आणि बुडाच्या मध्यभागी खडबडीत गोल जखम लागली, तर मात्र मला आधी सांगा. :) फुंकलेली बाटली लोखंडी सळीवर पेलून धरायचे त्याची ती खूण, आणि ती बरीच जुनी.

---

नवखी_गोगलगाय

वाचनखूण साठवली! काचपात्र, हे सगळं गोटीसोड्याच्या बाटलीलाही लागू पडतं का? माझ्याकडे एक आहे, पण मान फुटकी.

---

काचपात्र

@गोगलगाय, हो. ती रचना हायरम कॉड या इंग्रज माणसाची, १८७२ च्या पेटंटची. आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वर सरकून रबराच्या कडीला चिकटते, निराळं बूच लागतच नाही. मान फुटकी असण्यात आश्चर्य काही नाही. गोटीसाठी पोरं बाटल्या फोडायची, म्हणून धड बाटली सापडली की जपायची.

---

खापरवाली

रसभंग करते, माफी असावी. हा धागा वाचून पोटात गोळा आला.

माझं शिक्षण पुरातत्त्वातलं. राखेतले साहेब, तुम्ही बाटली उचलली तेव्हा ती किती खोल होती? कुठल्या थरात? वर काय होतं, खाली काय? यातलं काहीच लिहून ठेवलेलं नसेल, तर तुमच्या हातात फक्त एक निळी बाटली उरली. बाकीची गोष्ट तुम्ही टेकाडातच सोडून आलात.

उकिरड्याला कमी समजू नका. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस नावाच्या गावाचा कचरा वाळूत कोरडा राहिला होता. ग्रेनफेल आणि हंट या दोघा ब्रिटिश अभ्यासकांनी १८९६ पासून तिथे खणलं आणि पपायरसचे, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचे, लाखो तुकडे काढले. सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या हरवलेल्या ओळी, कराच्या पावत्या, कुणाची घरगुती पत्रं, सगळं एकाच ढिगात. रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंच टेकडी उभी आहे, ती जवळपास सगळी तेलाच्या फुटक्या रांजणांची. ऑलिव्ह तेल मुरलेला रांजण पुन्हा वापरता येत नसे, म्हणून फोडून रचत गेले आणि वास मारायला वर चुना टाकला. त्या खापरांवर शाईने वजनं आणि व्यापाऱ्यांची नावं लिहिलेली आहेत. कुणीतरी फक्त सुंदर खापर तेवढं उचलून नेलं असतं, तर रोम तेल कुठून आणत होतं हे आज आपण अंदाजानेच बोललो असतो.

थर वाचायचा एक साधा नियम आहे. थर त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूपेक्षा जुना असूच शकत नाही. तुम्ही सगळ्यात जुनी तारीख पकडून बसलात. उलट करा, सगळ्यात नवं काय आहे ते शोधा.

---

शंकासुर

एक भाबडा प्रश्न. शे-दीडशे वर्षांपूर्वीची घाण हे आता शास्त्र झालं का? उद्या माझ्या कचऱ्याच्या डब्यावर कुणी पीएचडी करेल.

---

खापरवाली

करून झालं. :) विल्यम राथ्जे नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १९७३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात चालू कचऱ्याचाच अभ्यास सुरू केला. लोक दारू किती पितो म्हणून सांगतात आणि डब्यात रिकाम्या बाटल्या किती निघतात, याचा मेळ बसेना. पुढे त्यांनी कचऱ्याचे डेपो खणले, तर कित्येक वर्षांपूर्वी पुरलेली वर्तमानपत्रं अगदी वाचता येतील अशी निघाली. कागद मातीत आपोआप कुजतो ही आपली समजूत, डेपोच्या पोटात हवा-पाणी नसलं की तो कुजत नाही.

त्यामुळे डबा जपून भरा.

---

पहाटेचा_टॉर्च

खापरवालीताईंचा मुद्दा मान्य, पण जरा बाजारवाल्यांची बाजूही ऐका. आम्ही वस्तू घेतो तेव्हा तिची जागा आधीच हरवलेली असते. विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्या हातात फक्त डोळे, बोटं आणि एक पिशवी. माझ्या पिशवीत टॉर्च, दहापट भिंग, लहान लोहचुंबक आणि कापडी टेप, यापलीकडे काही नसतं.

चुंबक 'चांदीच्या' तबकाला चिकटला की वाटाघाट तिथेच संपली. तसाच तो पत्र्यावरच्या जुन्या फोटोलाही चिकटतो, आणि तिथे मात्र तो हवाच असतो, कारण तो फोटो लोखंडी पत्र्यावरचाच असतो. भिंगातून छापील चित्र बारीक ठिपक्यांचं दिसलं, तर 'हाताने रंगवलेलं' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे. स्क्रूच्या डोक्यावर फुली दिसली, तर वस्तू किंवा निदान तिची दुरुस्ती १९३० च्या दशकानंतरची.

टेप कशाला, असं नेहमी विचारतात. गोल टेबल मोजायला. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या अंगाने आकसतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे खरं जुनं गोल टेबल एका बाजूने किंचित कमी भरतं. शंभर वर्षांचं म्हणून सांगितलेलं टेबल सगळीकडून तंतोतंत गोल निघालं, की मी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

झीज कुठे आहे तेही बघा. खुर्चीच्या हाताची झीज जिथे तळवा टेकतो तिथे हवी, पायाची जिथे जमिनीला घासतो तिथे. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती काचकागदाची. चकाकणारा पितळी कर्णा लावलेले ग्रामोफोनही असेच. आत कुठल्यातरी पेटीच्या यंत्राचे जुने अवयव, बाहेर सगळा नवा साज. मी स्वतः एक घेऊन घरी मिरवला होता. चार महिने झाल्यावर मेव्हण्याने कर्ण्याच्या आतलं ताजं वेल्डिंग दाखवलं.

---

शंकासुर

मेव्हणे सगळीकडे असेच असतात.

---

नवखी_गोगलगाय

काका, खरंच कुणाला घबाड मिळतं का? की नुसत्या दंतकथा?

---

पहाटेचा_टॉर्च

मिळतं. पण घबाड मिळाल्यावर पुढे काय होतं, ते कुणी सांगत नाही.

अमेरिकेतल्या एका भंगारवाल्याने जुन्या बाजारातून सोन्याचं एक लहानसं अंडं घेतलं, वितळवून चार पैसे सुटतील म्हणून. हिशेब चुकला, त्याने मोजलेले पैसे सुटतील असा सोन्याचा भाव कुणी देईना, म्हणून ते बिचारं स्वयंपाकघरात पडून राहिलं. शेवटी आतल्या घड्याळावरचं नाव इंटरनेटवर शोधलं, तेव्हा कळलं की रशियाच्या झारसाठी फाबर्जे या नामांकित जवाहिऱ्याने १८८७ मध्ये केलेलं हरवलेलं अंडं ते हेच. २०१४ मध्ये जगजाहीर झालं. किमतीचा अंदाज बरोबर आला असता तर मुशीत गेलं असतं!

आता दुसरी बाजू. एका बाईंनी जुन्या बाजारात सात डॉलरला घेतलं म्हणून सांगितलेलं लहानसं चित्र रेन्वार या नामवंत फ्रेंच चित्रकाराचं निघालं. लिलाव ठरला. मग बाल्टिमोरच्या संग्रहालयाचे जुने कागद निघाले, चित्र १९५१ मध्ये तिथून चोरीला गेलेलं. २०१४ मध्ये न्यायालयाने ते संग्रहालयाला परत द्यायला लावलं. म्हणून मी विकणाऱ्याला नेहमी विचारतो, "आलं कुठून?" उत्तर बहुतेक वेळा थापच असते, पण थाप कशी मारतो त्यावरून बरंच कळतं.

अवांतर: जुन्या बाजारांचं नातं कचऱ्याशीच आहे. १८८३-८४ मध्ये पॅरिसचे प्रमुख अधिकारी यूजीन पुबेल यांनी घराघराला झाकणाचे डबे सक्तीचे केले आणि रस्त्यावरचा कचरा चिवडणारे चिंधीवाले पोटाला मुकायची वेळ आली. वेशीबाहेर सां-ऊआँला त्यांचा जो बाजार भरायचा, तो पिसवांचा बाजार म्हणून जगात गाजला. आणि फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल'च म्हणतात. अधिकाऱ्याला याहून मोठं स्मारक काय मिळणार!

---

नवखी_गोगलगाय

हे भारीच. आता माझं पाप कबूल करते. आजोबांच्या पेटीत तांब्याची पाच-सहा नाणी होती, काळपट तपकिरी. मी उत्साहाने पॉलिश लावून लख्ख केली. एका संग्राहकांना दाखवली तर ते नाणं हातात घेऊन नुसते गप्पच बसले. मग म्हणाले, "ताई, हा रंग यायला नाण्याला ऐंशी वर्षं लागली होती, तुम्ही दहा मिनिटांत काढलात." तेव्हापासून कशालाच हात लावायची भीती वाटते. मग साफ काहीच करायचं नाही का?

---

खापरवाली

गोगलगाय, हे पाप सगळ्यांकडून होतं, माझ्याकडूनही झालंय.

तांब्या-पितळेवरचा गुळगुळीत, घट्ट बसलेला तपकिरी किंवा हिरवा थर म्हणजे वस्तूचं संरक्षण, तो ठेवायचा. पण फिकट हिरवी, पिठासारखी सुटी पूड ठिपक्या-ठिपक्यांनी दिसली, तर मात्र दुर्लक्ष नको. तो क्लोराइडचा रोग असतो, दमट हवेत धातू आतून पोखरत जातो. असं नाणं वेगळं काढून कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

पुरलेल्या काचेवर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते, तीही घासू नका. पाण्याने काचेतले क्षार वर्षानुवर्षं झिरपून जातात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे होतात, त्या पापुद्र्यांवर प्रकाश खेळतो. घासलं की पापुद्रा निघतो आणि खाली नुसती आंधळी काच.

कागदी लेबल असेल तर पाणी वर्ज्यच.

---

काचपात्र

काचेच्या रंगाचंही ऐकून ठेवा. पांढरी काच हिरवट दिसू नये म्हणून पूर्वी तिच्यात मॅंगनीज घालायचे. ती वर्षानुवर्षं उन्हात पडली की हलकी जांभळी होते. बाजारात गडद, वांग्यासारखी जांभळी बाटली दिसली तर सावध राहा, यंत्रातून किरणं मारून असा रंग मुद्दाम आणतात. अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवी पेटली तर युरेनियमची काच. मिणमिणती हिरवी दिसली तर बहुधा तेच मॅंगनीज, पण विकणारे तिलाही युरेनियमच म्हणून खपवतात.

---

राखेतला_माणूस

सगळ्यांचे मनापासून आभार. बादली रिकामी केली आहे.

काल पुन्हा गेलो होतो, या वेळी फूटपट्टी, वही आणि जाड हातमोजे घेऊन. खणलं काहीच नाही, ओघळलेली कड नुसती बघत बसलो. राखेचा थर साधारण ४० सेंटीमीटर जाड आहे. बाटलीची खोबण अजून तशीच होती, ती थराच्या वरच्या कडेपासून १२ सेंटीमीटरवर भरली.

शिवण नखाने तपासली. मानेवर येते आणि ओठाच्या जरा खाली विरून जाते. म्हणजे हातचा ओठ. बुडाला जखम नाही.

पण खापरवालीताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यात नवं शोधायला गेलो आणि घोळ झाला. त्याच थरात, बाटलीच्या खालीच, दातेरी कडेचं पत्र्याचं गंजकं झाकण निघालं. आणि एका पांढऱ्या बाटलीचं बूड, त्यावर तो एका बाजूला सरकलेला वेडावाकडा गोल. काचपात्र, हा तुमचा ओवेन्सच ना?

---

काचपात्र

तोच. आणि दातेरी झाकणाचं पेटंट विल्यम पेंटरचं, १८९२ चं. म्हणजे थर १९०४ च्या आधीचा नाही. १८५८ वरून आपण एकदम सेहेचाळीस वर्षं पुढे आलो.

---

शंकासुर

मग हाताच्या ओठाची बाटली तिथे काय करतेय? चुकून आली?

---

खापरवाली

चुकून कशाला? विषाची बाटली रोज थोडीच लागते. एकदा आणली, उंदरांना नाहीतर ढेकणांना चार थेंब घातले, की वरच्या फळीवर मागे सरकवून ठेवली. शेजारी यंत्राच्या नव्या बाटल्या येत गेल्या, ही तशीच राहिली. मग कधीतरी घर बदललं, नाहीतर कुणीतरी गेलं, आणि कपाट रिकामं करताना सगळं एकदम उकिरड्यावर आलं. बूच लावलेली, अर्धी भरलेली बाटली फेकलेली दिसली की मला आधी कपाट आवरणाराच आठवतो. हा अर्थात माझा तर्क. पण हा तर्क करता आला तो तुमच्या त्या १२ सेंटीमीटरमुळे.

अशा फुटकळ मोजमापांनी बरंच साधतं. मातीच्या जुन्या चिलमींच्या नळ्या असतात ना, इंग्रजांच्या वसाहतींत ढिगाने मिळतात त्या. जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवलं की नळीचं भोक काळानुसार बारीक होत गेलंय. नुसती ड्रिलची पाती भोकात घालून मोजायची आणि थराचा अंदाज बांधायचा.

---

पहाटेचा_टॉर्च

राखेतले, पुन्हा जाल तेव्हा दोन गोष्टी. कडेच्या खालून पोखरू नका, वरची माती कधी बसेल सांगता येत नाही आणि अशा ठिकाणी माणसं गाडली गेली आहेत. दुसरं, धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आधी ती घ्या. करड्या, तंतूंच्या पत्र्यासारखे तुकडे दिसले तर ॲस्बेस्टॉस समजून लांब राहा.

---

खापरवाली

आणि मालकांचं "न्या काय ते" पुरेसं समजू नका. गाडलेल्या जुन्या वस्तूंचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी जमीन स्वतःची असूनही वस्तू सरकारला कळवावी लागते. लंडनमध्ये टेम्सच्या ओहोटीच्या चिखलात नुसतं शोधायलाही बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि तीनशे वर्षांहून जुनं काही मिळालं तर ते नोंदवावं लागतं. आधी चौकशी, मग फावडं.

---

राखेतला_माणूस

फावडं नाहीच, कानाला खडा. घातक कचरा घेणाऱ्यांकडे चौकशी केली आहे, आतला ऐवज ते काढून नेतील, बाटली मला परत मिळेल असं म्हणतात. तोवर ती खोक्यात उभी करून, कुलूप लावून, वरच्या फळीवर मागे ठेवली आहे.

---

शंकासुर

म्हणजे पुन्हा कपाटातच गेली!

---

राखेतला_माणूस

हाहा, हे लक्षातच आलं नव्हतं. पण या वेळी चिठ्ठी बांधून.

---

नवखी_गोगलगाय

काय लिहिलंत चिठ्ठीवर?

---

राखेतला_माणूस

"निळी, सहा पैलू. टेकाडाची ओघळलेली कड. राखेचा थर, वरून १२ सेंमी. खाली दातेरी झाकण आणि यंत्राच्या बाटलीचं बूड, शेजारी १८५८ ची बरणी (तारखेवर विश्वास ठेवू नये). ओठ हाताचा. बूच काढू नये."